हरणाऱ्याची बोली

घडीच्या चाकूची किंमत करावयाची झाल्यास ती धारेवरून करावी असे कोणीही समंजस माणूस म्हणेल. परंतु ज्या बाजारात जुने चाकू संग्रहासाठी घेतले-विकले जातात, त्या बाजारात धार लावलेला चाकू हा बाटलेला समजतात. अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया प्रांतात ब्रॅडफर्ड या गावी केस या घराण्याच्या नावाने चालत आलेला चाकूंचा कारखाना आहे, आणि त्याचे घडीचे चाकू जमविणारांचा त्या देशात एक स्वतंत्र संप्रदायच होऊन बसला आहे. या संप्रदायातील मुरलेला माणूस चाकू हाती घेतो तेव्हा प्रथम पाते उघडून, ते जेथे मुठीत शिरते त्या बुडाशी भिंग धरतो. तेथे कारखान्याचा शिक्का असतो. आणि १९७० साली त्या शिक्क्याखाली दहा ठिपके उमटविण्याची व पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी करण्याची वहिवाट कारखान्याने पाडली असल्यामुळे, त्या दशकातल्या चाकूचे ठिपके मोजले की त्याचे जन्मवर्ष हाती येते. पात्यावर ६२५४ असा अंक असेल तर सहा म्हणजे हाडाची मूठ, दोन म्हणजे दोन पाती, आणि चोपन्न म्हणजे फासेपारध करणाऱ्यांसाठी मुळात घडविलेला, 'ट्रॅपर' या नावाने ओळखला जाणारा घाट, एवढी कुळकथा त्या चार आकड्यांत सामावलेली असते. मग तो पाते सावकाश मिटतो आणि स्प्रिंगचा खटका कान देऊन ऐकतो. खटका खणखणीत असेल, मुठीला चीर गेलेली नसेल, पात्याची रुंदी कारखान्यातून निघताना होती तेवढीच असेल, आणि कडेला निसण्याचा एकही ओरखडा दिसत नसेल, तर तो चाकू निष्कलंक ठरतो. मूळची पुठ्ठ्याची डबी आणि तिच्यातला कागद सोबत असेल तर विचारावयासच नको. याच्या उलट, कोणा शेतकऱ्याने वर्षानुवर्षे खिशात बाळगून, दोरखंडे तोडून, सफरचंदे सोलून आणि वेळोवेळी निसण्यावर घासून ज्याचे पाते निम्मे झिजविले आहे तो चाकू, ज्या कामासाठी तो जन्मास आला ते काम इमानेइतबारे केल्याच्या अपराधाबद्दल, किमतीत रसातळाला जातो.

ज्याने राबावे त्याचे मोल उतरावे आणि जो कधीच राबला नाही त्याचे चढावे, हा न्याय माणसांच्या जगात सर्रास चालत असल्यामुळे वस्तूंच्या जगात त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही, असे एखादा कडवट स्वभावाचा वाचक म्हणेल, आणि त्याचे तोंड कोणी धरू नये. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. हे चाकू आज पुष्कळदा ऑनलाइन लिलावात विकले जातात. १९९५ साली पिएर ओमिद्यार यांनी 'ऑक्शनवेब' या नावाने उघडलेल्या आणि पुढे 'ईबे' या नावाने जगभर पसरलेल्या लिलावघरात विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे मोडका लेझर पॉइंटर होता व त्यास चौदा डॉलर त्र्याऐंशी सेंट आले, ही हकिकत प्रसिद्धच आहे; निरुपयोगी वस्तूंच्या भाग्योदयाचा मुहूर्त त्याच दिवशी झाला म्हणावयाचे. अशा लिलावात एखाद्या न वापरलेल्या चाकूस जो भाव येतो, त्यास रास्त म्हणता येईल काय, आणि रास्त म्हणावयाचे तर कशाच्या आधारावर, हा तो प्रश्न होय. धान्याचा भाव रास्त आहे की नाही हे पोटास विचारता येते, घोंगडीचा थंडीस विचारता येतो. ज्या वस्तूस कोणतेच काम उरलेले नाही तिच्या भावाची साक्ष काढावयाची कोणाकडे?

हा चाकू निरुपयोगी आहे असे मी म्हणतो खरे, पण तत्त्वज्ञांनी या बाबतीत अधिक काटेकोर भेद केलेले आहेत. ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात कुऱ्हाडीचाच दाखला घेतला आहे: कुऱ्हाड हा सजीव देह असता तर कापण्याची शक्ती हाच तिचा आत्मा ठरला असता, आणि ती शक्ती गेल्यावर उरले असते ते केवळ नावाचे लोखंड. तथापि त्याच ठिकाणी तो असेही सांगतो की आत्मा म्हणजे शक्तीचा प्रत्यक्ष व्यापार नव्हे. निजलेल्या माणसाच्या ठायीही आत्मा असतोच. तेव्हा त्याच्या शास्त्राप्रमाणे डबीतला चाकू मृत ठरत नाही, निद्रिस्त ठरतो, आणि त्याचा धनी त्या निद्रेचे पैसे मोजतो. चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्झू याने वर्णिलेल्या खाटकाची सुरी याच्या अगदी दुसऱ्या टोकास आहे. एकोणीस वर्षे आणि हजारो बैल त्या सुरीखालून गेले, तरी तिची धार निसण्यावरून नुकतीच उतरल्यासारखी होती, कारण तो हाडावर सुरी कधी घालीतच नसे, सांध्यांतल्या मोकळ्या जागेतून ती फिरवीत असे. अविकृत राहण्याचे दोन मार्ग यावरून दिसतात: एक, काहीच न कापणे, दुसरा, कसे कापावे हे पूर्णपणे कळलेले असणे. बाजारास या दोहोंतला फरक कळत नाही, कारण भिंगाखाली दोन्ही पाती सारखीच दिसतात. आपल्याकडे खंडेनवमीस कोयता, विळा, पहार धुऊन-पुसून, हळदकुंकू वाहून एक दिवस कामावेगळी ठेवतात, आणि दसरा उलटला की ती पुन्हा उसाच्या फडात जातात. संग्राहकाच्या कपाटातील चाकूची खंडेनवमी मात्र बारमाही असते.

आता धर्मशास्त्रांकडे वळू. शस्त्राच्या व्यापारास प्राचीन धर्मांचा विरोध आहे, हे सर्वश्रुत आहे. अंगुत्तरनिकायातील वणिज्जासुत्तात उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत म्हणून सांगितले आहे, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. जैन श्रावकाच्या आचारात निष्प्रयोजन पापाचे जे प्रकार वर्ज्य ठरविले आहेत, त्यांत हिंसादान, म्हणजे विष, शस्त्र, अग्नी, दोर यांसारखी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हवाली करणे, याची गणना आहे. परंतु हे निषेध ज्या कारणास्तव झाले ते कारण येथे जवळजवळ लोपलेले आहे. ठिपके मोजून घेतलेल्या आणि पाते मळू नये म्हणून बोटही न लावलेल्या चाकूने कोणी कोणाचा गळा कापणार नाही. तो गळ्याच्या मोलाहून महाग पडला, हे त्याचे एक कारण. किंबहुना बुद्धाने सर्वस्वाचा त्याग केलेल्या भिक्षूस ज्या आठ वस्तू ठेवण्याची मुभा दिली त्यांत भिक्षापात्राच्या जोडीला वस्तराही आहे, म्हणजे पात्याशी त्या धर्माचे भांडण नाही. भांडण असेल तर ते दुसऱ्या कलमाखाली. जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना किती वस्तू जवळ आहेत याचा हिशेब घेतला नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा म्हणजेच परिग्रह असे त्यांनी सांगितले. जुन्या चाकूंच्या कपाटात ही मूर्च्छा डोळ्यांनी पाहता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येक चाकूंच्या मुठी सेल्युलॉइडच्या करीत. मधाच्या रंगाच्या, कासवाच्या पाठीच्या नक्षीच्या, फार देखण्या. हे द्रव्य वय झाल्यावर आतून विघटते आणि आम्लाची वाफ सोडू लागते. प्रथम मुठीला बारीक तडे दिसतात, मग तिच्या खालचे पाते तांबसते, आणि कपाट घट्ट बंद असेल तर तीच वाफ शेजारच्या खणातील निर्दोष चाकूंनाही गंज चढविते. म्हणून जाणते संग्राहक अशा मुठीचे चाकू वेगळ्या, हवेशीर जागी ठेवतात, आणि कातडी म्यानातही पाते मुरू देत नाहीत, कारण कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये पोलाद खातात आणि पितळेवर हिरवा कळंक आणतात. वस्तूस जपण्याची ही दक्षता वाखाणण्यासारखी आहे. एवढ्या दक्षतेने आपला राग किंवा आपली जीभ जपणारे किती आढळतात, हा प्रश्न मी येथे काढीत नाही.

हिंसेचा आक्षेप अशा रीतीने बाजूस सरल्यावर रास्त भावाचा प्रश्न उघडा पडतो, आणि त्यावर मला सर्वांत मार्मिक वाटलेला विचार यहुदी धर्मपंडितांचा आहे. तालमुदाच्या 'बावा मेत्सिया' या भागात त्यांनी असे ठरविले की चालू भावाहून सहाव्या हिश्शाने अधिक घेतले असेल तर विकणाऱ्याने जादा रक्कम परत करावी, सहाव्या हिश्शाहूनही अधिक घेतले असेल तर सौदाच रद्द समजावा, आणि त्याहून कमी फरक असेल तर त्याकडे कानाडोळा करावा. एवढ्यावर न थांबता रब्बी यहूदा यांनी अपवाद पुढे केले: तोराची पोथी, जनावर आणि मोती यांस हा नियम लागू नाही. पोथीच्या मोलास अंत नाही, म्हणून. आणि जनावर व मोती यांस का नाही, तर आपल्याजवळ असलेल्या एकाशी जुळेल असा दुसरा मिळावा ही घेणाऱ्याची ओढ असते, म्हणून. बैलास जोडीचा बैल हवा असतो, मोत्यास जोडीचा मोती. यात रब्बी यहूदा बेन बतेरा यांनी आणखी एक भर घातली: युद्धसमयी घोडा, तलवार आणि ढाल विकणाऱ्यासही नियम लागू नाही, कारण तेथे घेणाऱ्याचा प्राणच त्यावर अवलंबून असतो. बहुसंख्य पंडितांनी हे अपवाद मानले नाहीत. पण न मानलेली मतेही त्यांनी दप्तरी जपून ठेवली, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. कारण रास्त भावाचे बंधन ज्या दोन जागी तुटते त्या या मतांत अचूक दाखविलेल्या आहेत: प्राणांतिक गरज आणि जोडी जुळविण्याचा ध्यास. रणांगणावरील तलवार पहिल्या वर्गात होती. तिचीच धाकटी बहीण, ब्रॅडफर्डच्या कारखान्यातील ट्रॅपर, आज दुसऱ्या वर्गात जाऊन बसली आहे. दहा ठिपक्यांपासून एका ठिपक्यापर्यंतची सर्व वर्षे ज्याने जमविली आणि केवळ सात ठिपक्यांचा चाकू ज्याला मिळत नाही, तो माणूस त्या एका चाकूस काय देईल याची सीमा, मोत्याच्या जोडीप्रमाणेच, बाजारभावात शोधून सापडावयाची नाही.

मग ती सापडते कोठे? येथे लिलावाची यंत्रणा पाहिली पाहिजे, कारण माझ्या मते सारे तत्त्वज्ञान त्या यंत्रणेतच दडलेले आहे. ऑनलाइन लिलावात आपण जी कमाल रक्कम देण्यास राजी असतो ती यंत्रास गुप्तपणे कळवून ठेवतो. यंत्र आपल्या वतीने बोली चढविते, पण दुसऱ्याहून एक पायरी वर राहण्यापुरतीच. सात ठिपक्यांच्या चाकूसाठी एकाने तीनशे डॉलरची मर्यादा ठेवली, दुसरा एकशे चाळीसवर थांबला, तर चाकू तीनशेस जात नाही. एकशे चाळीस आणि वर एक पायरी एवढ्यास जातो. तीनशेचा आकडा कोणासही कळत नाही. जिंकणाऱ्याची वासना यंत्राच्या पोटात गुप्त राहते आणि हरणाऱ्याची तेवढी आकड्यांत जाहीर होते. भाव ठरविला कोणी? ज्याला चाकू मिळाला त्याने नव्हे, विकणाऱ्यानेही नव्हे. ज्याने हात आवरता घेतला त्याने. वस्तूचा भाव म्हणून जो आकडा उद्या इतर विक्रेते आधारास घेतात आणि 'असा चाकू इतक्यास गेला' म्हणून दाखवितात, तो वस्तुतः एका अनोळखी माणसाच्या त्यागाची सीमा असतो. येथपर्यंत मला हवा होता, येथून पुढे नको, असे तो म्हणाला, तेवढेच.

ही रीत नवी नाही. टपालतिकिटांच्या अमेरिकन व्यापाऱ्यांनी १८९३ च्या सुमारास टपालाने बोल्या मागवून सर्वांत मोठ्या बोलीवाल्याकडून दुसऱ्या बोलीच्या हिशेबाने पैसे घेण्याचा प्रघात पाडला होता. विल्यम विक्री यांनी १९६१ साली तिचे गणित मांडून दाखविले, की अशा लिलावात आपली खरी मर्यादा सांगण्यातच प्रत्येकाचे हित असते, खोटे बोलून कोणाचा फायदा होत नाही. १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तीनच दिवसांनी ते निवर्तले; सत्य सांगण्याचा लाभ गणिताने सिद्ध करणाऱ्यास स्वतःस फारसा लाभ घेता आला नाही. त्याहून मौजेची हकिकत गोएथे या जर्मन महाकवीची. १७९७ साली आपल्या 'हेर्मान उंड डोरोथेआ' या काव्याचे हस्तलिखित फीवेग नावाच्या प्रकाशकास देताना त्याने एक आकडा लखोट्यात बंद करून मध्यस्थाच्या स्वाधीन केला, आणि प्रकाशकास कळविले की तुमची बोली लखोट्यातील आकड्याहून कमी असेल तर लखोटा न उघडता परत यावा व व्यवहार संपला. अधिक असेल तर लखोट्यातील आकड्याहून एक कवडीही मी जास्त घेणार नाही. प्रकाशकाच्या मनात आपली खरी किंमत काय आहे हे कवीस जाणून घ्यावयाचे होते, आणि त्यासाठी जो हरणारा लागतो तो त्याने लखोट्याच्या रूपाने स्वतःच उभा केला. मध्यस्थाने मात्र प्रकाशकाच्या कानात कुजबूज केली, आणि प्रकाशकाने लखोट्यात होते तेवढेच, बरोबर एक हजार थेलर, देऊ केले. कवीस पैसे मिळाले; ज्ञान मिळाले नाही.

या हकिकतीतच लिलावाच्या पापाचे मूळ दिसते. भाव जर हरणाऱ्याच्या खरेपणावर उभा असेल तर खोटा हरणारा उभा करणे म्हणजे भावाचा पायाच खोटा करणे. विकणारा आपल्या मेहुण्याकरवी किंवा दुसऱ्या नावाने उघडलेल्या खात्यातून स्वतःच बोली चढवितो, आणि ज्याला जोडी जुळवावयाची आहे तो बिचारा तीनशेपर्यंत ओढला जातो. त्याने आपल्या मर्यादेहून एक पैसाही जास्त दिलेला नसतो, मग फसवणूक कोणती, असा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. परंतु ज्याला ती वस्तू हवीच नव्हती त्याच्या तोंडून 'मला येथपर्यंत हवी होती' असे वदविले गेले, ही खोटी साक्ष होय, आणि त्या साक्षीवर निवाडा झाला. इस्लामी धर्मशास्त्रात या कृत्यास 'नजश' असे नाव देऊन ते स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरविलेले आहे. आपल्या १९३० च्या माल-विक्री कायद्याच्या चौसष्टाव्या कलमातही तीच गोष्ट कायद्याच्या रुक्ष भाषेत आहे: बोलण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून न ठेवता विकणाऱ्याने स्वतः अगर हस्तकाकरवी बोली केल्यास घेणाऱ्यास ती विक्री कपटाची समजता येते. याच्या उलट टोकास शेवटच्या क्षणी बोली टाकणारे लोक असतात. लिलाव संपावयास चार सेकंद उरली असता ते बोली करतात, हेतू हा की दुसऱ्यास आपली मर्यादा पुन्हा तपासून पाहण्यास सवडच मिळू नये. ईबेवर वेळ ठरलेली असते म्हणून तेथे ही चाल फार चालते, आणि ॲमेझॉनच्या जुन्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदत वाढत असे म्हणून तेथे ती कमी चाले, असे ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली दाखवून दिले. या मंडळींना मी दोषी धरीत नाही. घड्याळ सर्वांना सारखेच दिसत असते, आणि पहिल्यानेच आपली खरी मर्यादा सांगून ठेवणाऱ्यास त्यांच्यापासून भय नाही.

सुनन अबू दाऊद या हदीससंग्रहात लिलावाचीच एक कथा आहे, आणि योगायोग असा की तिचा शेवट एका पात्यापाशी होतो. मदिनेतील एक गरजू माणूस पैगंबरांकडे याचना करावयास आला. घरात काय आहे असे विचारता, अर्धे पांघरावयाचे व अर्धे अंथरावयाचे असे एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचे एक भांडे एवढेच निघाले. पैगंबरांनी त्या दोन वस्तू हाती घेऊन, कोण घेतो म्हणून विचारले. एकजण एक दिरहम म्हणाला. अधिक कोण देतो असे त्यांनी दोन-तीनदा विचारल्यावर दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्यांतल्या एकाचे घरी अन्न न्यावे आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणावे, असे त्यांनी सांगितले. पाते आणल्यावर स्वतःच्या हाताने त्यास दांडा बसविला, आणि पंधरा दिवस तोंड न दाखविता लाकडे तोडून विकण्यास त्यास पाठविले. या लिलावात हरणारा सर्वांसमक्ष उभा होता, एक दिरहमच्या पुढे तो गेला नाही हे सर्वांनी पाहिले, आणि त्याच्या थांबण्यात कोणाला काही खोटे वाटले नाही. शिवाय लिलावाचा पैसा घरातल्या निजलेल्या वस्तूंतून निघून एका जागत्या पात्यात गेला. आमच्या चाकूंच्या लिलावात ओघ उलटा वाहतो: कोणाच्या तरी खिशातून सुटलेले पाते पैशाच्या द्वारा कपाटात जाऊन निजते.

लिलाव ही पद्धतच त्याज्य आहे असे मात्र यावरून कोणी समजू नये. ती केव्हा त्याज्य होते हे दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीवरून पाहावे. मामलती जो जास्त बोलेल त्यास इजाऱ्याने देण्याचा जो प्रकार त्या काळी माजला, त्यात बोलीचा पैसा बोलणाऱ्याच्या खिशातून जात नसे, तो रयतेच्या खळ्यावरून वसूल होई. आणि हरलेल्या उमेदवाराने आपली मर्यादा ठरविली तीही रयतेच्याच जिवावर. चाकूच्या लिलावात तिऱ्हाइताचे नुकसान नसते, एवढ्यापुरता तो निष्पाप आहे. देवाच्या दारीही लिलाव होतो. मुंबई-पुण्याच्या श्वेतांबर देरासरांत पर्युषणात महावीरांच्या मातेस पडलेल्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा उतरविण्याचा, त्यांना हार घालण्याचा मान चढाओढीने बोलला जातो. बोली कित्येक ठिकाणी अद्याप मणभर तुपाच्या हिशेबात बोलण्याचा प्रघात आहे, आणि येणारा पैसा देवद्रव्यात जमा होतो. त्यात अहंकार नसतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या धर्मात पुण्य करणे, करविणे आणि दुसऱ्याने केलेल्याचे अनुमोदन करणे हे तिन्ही फलदायी मानले असल्यामुळे, हरणारा रित्या हाताने परतत नाही. ज्याने त्याच्याहून अधिक दिले त्याच्या पुण्याचे अनुमोदन करून तो त्यात वाटेकरी होतो. सात ठिपक्यांच्या चाकूवर एकशे चाळीसला थांबलेल्या माणसास मात्र यंत्राकडून तुमच्यावर बोली झाली आहे, पुन्हा बोलता काय, एवढाच निरोप येतो. त्याच्या हातून जे घडले त्याला नाव नाही, आणि वस्तुतः तो त्या व्यवहारातला सर्वांत संयमी माणूस असतो.

शस्त्र जेव्हा राष्ट्राच्या अभिमानाचा विषय होते तेव्हा हा प्रश्न आणखी बिकट होतो. टिपू सुलतानाच्या शयनगृहातील तलवार २०२३ च्या मे महिन्यात लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात निघाली. तज्ज्ञांनी पंधरा ते वीस लाख पौंडांचा अंदाज केला होता, ती सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांस गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार सोथबीजच्या लिलावात निघाली. तिचे पाते फिरंगी, म्हणजे युरोपात घडलेले, आणि पाठीवर देवनागरी लेख. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे सत्तेचाळीस लाख रुपयांस विकत घेऊन ऑगस्टमध्ये मुंबईस आणली. आनंद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. वर्तमानपत्रांतून सत्तेचाळीस लाखांचा उल्लेख मात्र अशा रीतीने झाला की जणू रघूजींच्या बंगालवरील स्वाऱ्यांचे मोल कोणी तराजूत घालून काढले. तसे काही झालेले नव्हते. आपले सरकार किती देण्यास तयार होते ते त्या आकड्यात नाही. कोणी एक दुसरा, बहुधा परदेशी आणि बहुधा भोसल्यांच्या इतिहासाशी सुतराम संबंध नसलेला बोलीवाला, कोठे थांबला तेवढेच त्यात आहे. त्याच वर्षी हाँगकाँगला पिप्रहवा येथील स्तूपातून निघालेली, बुद्धाच्या अस्थींसोबत ठेवलेली रत्ने लिलावास निघाली, तेव्हा भारत सरकारने हरकत घेतल्यावर लिलाव स्थगित झाला आणि पुढे ती रत्ने भारतात परत आली. तेथे दुसरा माणूस उभाच राहू दिला नाही, हे मला योग्य वाटते. ज्या वस्तूवर कोणाच्याही थांबण्याची मर्यादा लागू होऊ नये, ती बोलीवर चढवू नये.

चाकू त्या कोटीतला नाही, म्हणून त्याचा लिलाव खुशाल व्हावा. पण त्यात एक प्रसंग असा येतो की तेथे विकणाऱ्याची खरी कसोटी लागते, आणि धर्मग्रंथांत त्याचा स्पष्ट उल्लेख मला आढळलेला नाही. गिऱ्हाईक जमावे म्हणून विकणारा चाकू अगदी नाममात्र रकमेपासून, कधी एका डॉलरपासूनही, बोलीवर ठेवतो. बहुतेक वेळा दहा जण येतात. एखाद्या वेळी मात्र सणाचा आठवडा असतो, छायाचित्र अंधुक आलेले असते, किंवा नुसते दैव आड येते, आणि एकच माणूस बोलतो. दुसरा कोणी नाही. हरणारा नसला तर भाव ठरवावयाचा कोणी? ज्याने एक डॉलर हा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला त्यानेच. हरणाऱ्याची रिकामी जागा येथे आपोआप विकणाऱ्याकडे येते. अशा वेळी कित्येकजण 'चाकू पडून मूठ फुटली', 'माल गहाळ झाला' अशी सबब लिहून सौदा मोडतात, आणि पुढल्या आठवड्यात तोच चाकू, तीच मूठ, पुन्हा मांडतात. हा प्रकार बनावट बोलीचाच सख्खा भाऊ आहे, फरक इतकाच की बनावट बोलीत नसलेला माणूस हजर दाखवितात आणि येथे हजर असलेल्यास नाकारतात. एकट्या बोलीवाल्यास चाकू एका डॉलरला पडला असेल, तर विकणाऱ्याने पात्यास तेलाचा हात फिरवावा, तो कागदात गुंडाळून मूळ डबीत घालावा, आणि ठरल्या मुदतीत टपालात टाकावा. पुन्हा मांडताना राखीव किंमत उघडपणे लिहावी. त्यास ना तालमुदाची हरकत, ना हदीसाची, ना चौसष्टाव्या कलमाची.